ताईची मान आणि भिंग्याचा चष्मा

४ फेब्रुवारी

भिंग्या,

फोनवर तू माझं वाक्य अर्ध्यात तोडतोस आणि उरलेलं स्वतःच बोलतोस, म्हणून कागद घेतलाय. आता शेवटपर्यंत ऐकावंच लागेल.

माझी सायकल बंद करायचं घाटतंय. काल मुख्य बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी फाईल उघडी. म्हणाल्या, "सव्वीस वर्षं घरभेटी केल्यात, आता जरा बसा. नोंदणीच्या टेबलावर जागा रिकामी झालीये."

मी म्हटलं, "मी जागा मागितली होती का?"

"तुम्ही नाही, तुमची मान मागतेय."

आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय: मानेचे मणके झिजलेत, वय सत्तावन्न, सायकल टाळावी. ९ मार्चला तिघांची समिती बसणार आणि माझं काय करायचं ते ठरवणार.

मान दुखते, हे खरं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? सायकलवर वीस मिनिटं झाली की मानेच्या मुळाशी कुणीतरी पाना लावून पिळतंय असं वाटतं. डावा खांदा ठणकतो, डोळ्यांवर ताण येतो, दुपारपर्यंत डोकं जड. पण चालताना, घरात, पेशंटच्या पाठीवरची जखम धुताना काही म्हणजे काही नाही. झिजलेले मणके फक्त सायकलवरच कसे काय जागे होतात, ते मला कुणी सांगत नाही. विचारलं की वय सांगतात. वय मला माहीत आहे रे, माझंच आहे ते.

यादीत चौदा घरं आहेत. त्यातली नऊ टेकडीच्या अंगाला. तिथे केंद्राची गाडी शिरतच नाही. समोरून कुणी बादली घेऊन आलं तर एकाने दारात सरकायचं, एवढी गल्ली. पायाच्या जखमेचा म्हातारा शिंपी तिथलाच, आणि अर्धं अंग लुळं पडलेली घड्याळं दुरुस्त करणारी बाईही तिथलीच. सायकल काढून घेतली तर दिवसाला चौदा घरं पायी होणार नाहीत. सात होतील. कुठली सात सोडायची, ते समितीने मला नावानिशी सांगावं.

तू डोळ्यांचा माणूस. एवढंच सांग, मानेचं दुखणं डोळ्यांकडून येऊ शकतं का?

तू धाडलेला चष्मा सगळ्यांना आवडतो. मुख्य बाईंनीसुद्धा कुठे केला विचारलं.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

शेवटपर्यंत वाचलं. दोनदा. आता तू ऐक.

डोळ्यांचं म्हणशील तर तुझा नंबर मी स्वतः काढलाय, काचा स्वतः बसवल्यात. त्यात खोट निघाली तर दुकानाची पाटी उतरवीन. तुझं दुखणं वयाचं आहे आणि वयाला चष्मा नसतो.

डॉक्टर काही तुझा वैरी नाही. मीसुद्धा पाच वर्षांपूर्वी सायकल सोडली. रोज सकाळी नदीकाठाने वीस किलोमीटर जाणारा मी, एका दिवसात सोडली. आभाळ कोसळलं नाही. सकाळी आरामात चहा पितो, पेपर वाचतो. शेवटी सायकल म्हणजे काय गं, दोन चाकं आणि एक हट्ट.

टेबल मिळतंय तर घे. सावलीत बस. सव्वीस वर्षं ऊन खाल्लंस, पुष्कळ झालं. तू पडलीबिडलीस तर पोरीने कुठे कुठे बघायचं?

तुझी भावजयही हेच म्हणते. (ती म्हणाली, "तुमची ताई ऐकणार नाही." पण मुद्दा तोच.)

तुझा भाऊ

१३ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी कामावरून, छापखान्यातून लिहितेय. आईला कळू देऊ नकोस.

तिने तुला काय लिहिलं माहीत नाही, पण ती पडली हे नक्कीच लिहिलं नसेल. १९ जानेवारीला टेकडीच्या उतारावर एक हातगाडी उभी होती, तिच्यावर सरळ जाऊन आदळली. गुडघा फुटला. न्हाणीघराची कडी लावून स्वतःच ड्रेसिंग केलं. मी बाहेरून दार वाजवतेय आणि ती आतून म्हणतेय, "नळ दुरुस्त करतेय." केंद्रात सांगितलं की जिन्यावरून पाय घसरला.

दिवसाढवळ्या, मामा. हातगाडी काही मांजर नाही आडवी यायला. मी विचारलं, दिसली कशी नाही? तर म्हणाली, "रस्ता दिसत होता गं, पण पुढच्या चाकापुरता. मान वर केली तेव्हा गाडी नाकाशी."

ऑक्टोबरपर्यंत ती अशी नव्हती. तुझा चष्मा आला तेव्हा किती खुशीत होती, नवा चष्मा लावून मला सायकलवर चक्कर मारून दाखवली. त्यानंतर महिन्याभरात तिचं म्हातारपण एकदम अंगावर आलं असं वाटलं. आता सायकल चालवताना दर मिनिटाला मनगटाने चष्मा वर ढकलत असते, आणि हनुवटी अशी पुढे काढते की बघवत नाही.

तू कडक लिही. माझं ऐकत नाही. मला फक्त ती धडधाकट हवी आहे, टेबलावर बसून का असेना.

तुझी भाची

१६ फेब्रुवारी

भिंग्या,

मी प्रश्न विचारला होता. तू सल्ला पाठवलास. दोन्हींत फरक असतो, दुकानदाराला तरी कळायला हवा.

ज्या सावलीत मला बसवतोयस ती आधी बघ. नोंदणीची खोली औषधांच्या गोदामाला लागून आहे. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारची भिंत. खुर्चीवर आधीच्या बाईने शिवलेली उशी आहे, ती मधोमध दबलीये, कारण ती बाई अकरा वर्षं हललीच नाही. निवृत्त झाली त्या दिवशी फाटकापर्यंत चालताना दोनदा थांबली. माझ्याहून जेमतेम एका वर्षाने मोठी.

आणि हट्ट म्हणालास ना? गेल्या मंगळवारी शिंप्याच्या दारात सायकल टेकवली आणि आत पाऊल टाकायच्या आधी मला वास आला. पट्टी वरून कोरडी होती, तो म्हणत होता "बरंय की." मी पट्टी सोडली आणि त्याला त्याच दुपारी इस्पितळात पाठवलं. दोन बोटं गेली, पाय राहिला. तो वास रजिस्टरमध्ये येत नाही, भिंग्या. टेबलावर त्याची नोंद "ठीक" अशी झाली असती आणि माझी सही खाली असती. हा हट्ट असेल तर मला तो आणखी हवा आहे.

आता माझी पाळी. तू सायकल का सोडलीस, ते खरं लिही. तेव्हा म्हणाला होतास दुकानातून वेळ मिळत नाही. तुझं दुकान दहाला उघडतं. आणि चहा-पेपरचं सुख मला सांगू नकोस. लहानपणी जेवायला बसवायला तुझ्यामागे घरभर धावले आहे मी. बसणारा माणूस नाहीस तू.

माझा प्रश्न अजून तसाच आहे. डोळ्यांकडून येऊ शकतं का? हो की नाही?

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

हो.

उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, कारण एका शब्दासाठी मला दुकान बंद ठेवून बघावं लागलं.

तुझ्या पत्रातलं एक आणि दुसऱ्या एका पत्रातलं एक अशी दोन वाक्यं डोक्यातून जाईनात. (हो, तू पडलीस ते कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि न्हाणीघरात नळ दुरुस्त करू नकोस.) शेजाऱ्याची सायकल मागून आणली, काउंटरला दोरीने बांधून उभी केली. तुला दिलेल्या फ्रेमसारखीच दुसरी फ्रेम घातली आणि हँडल धरून वाकलो. तुझ्या भावजयीला म्हटलं, "मी समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघतो. माझी बाहुली काचेच्या ज्या जागी दिसेल तिथे साबणाने ठिपका दे."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ठिपका कुठे देऊ? काच संपलीये."

माझी नजर काचेतून जातच नव्हती, ताई. फ्रेमच्या वरून जात होती. माणूस पुढे वाकला की डोकं खाली आणि नजर वर. समोरचं बघायला काचेचा वरचा भाग लागतो, आणि मी तुला दोन बोटं उंचीची नाजूक फ्रेम दिली. का, तर शोभेल म्हणून! त्यात वाचायचा नंबर, मधला नंबर, लांबचा नंबर, सगळं एवढ्याशा काचेत कोंबलेलं. लांबचं बघायला वर उरली ती एक चिंधी. मग काचेतून बघायला हनुवटी पुढे काढायची, डोकं मागे ढकलायचं, मानेची घडी करायची. दिवसाला चौदा घरं. वर चष्मा घसरतो, म्हणजे घडी आणखी घट्ट. आणि मान थकून खाली गेली की रस्ता पुढच्या चाकापुरता.

मणके थोडे झिजले असतील, या वयात सगळ्यांचेच झिजतात. पण तुझ्या मानेचा गुन्हेगार मी आहे.

पाटी उतरवायची की नाही ते तू ठरव.

सोबतच्या डबीत नवा चष्मा आहे. फक्त लांबच्या नंबरचा. काच उंच आहे आणि वरच्या बाजूला कडच नाही, फ्रेम फक्त खालून धरते. नाकावरच्या गाद्या रुंद घेतल्यात आणि काच भुवईपर्यंत येईल अशा बसवल्यात. काड्यांना मागून पट्टा आहे, घसरणार नाही. दिसायला विचित्र आहे, तुझी मुख्य बाई कुठे केला विचारणार नाही. जुना गळ्यात दोरीला अडकव, घरात शिरल्यावर थर्मामीटर बघायला तोच घाल.

चष्मा एकट्याने पुरणार नाही. हँडल तीन बोटं वर घे. पण हँडलच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, ती बाहेर दिसता कामा नये, नाहीतर हातात हँडल येईल. सीट सपाट आहे का बघ. पुढून खाली झुकलेली असेल तर सगळं वजन हातांवर आणि खांद्यांवर येतं. औषधांची बॅग डाव्या खांद्यावर लटकवतेस ना अजून? मागच्या कॅरिअरला बांध. हेल्मेटला पुढे टोपीसारखी झडप असली तर काढून टाक, तीही डोकं वर करायला लावते. कोपर ढिले, खांदे कानांपासून दूर. आणि बोटांना मुंग्या आल्या किंवा हात बधिर झाला तर शूरपणा न करता डॉक्टरकडे जायचं. हे भाऊ म्हणून नाही, शपथेवर सांगतोय.

आता माझं. मान दुखायची. डॉक्टर म्हणाले सोडा, मी सोडली. "कशामुळे दुखते" हे मी त्यांना विचारलं नाही आणि स्वतःलाही नाही. ज्या फ्रेम दुकानात शोभेला मांडायच्या, त्यातलीच माझ्या नाकावर होती. तीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारा मी, माझ्या नाकाकडे बघितलं नाही. पाच वर्षं, ताई. तुला "हट्ट" लिहिलं तेव्हा मला तुझा राग आला होता, कारण तू विचारत होतीस.

भिंग्या

५ मार्च

भिंग्या,

पाटी राहू दे. पण ती पुसताना रोज माझी आठवण काढ.

पोरीला मी धारेवर धरलं. म्हटलं, घरचा भेदी तूच. ती उलटून म्हणाली, "मी सांगितलं नसतं तर तू त्या दोन बोटांच्या काचेतून जन्मभर बघत बसली असतीस." मी तिला पाना आणायला सांगितलं.

अंगणात दोघींनी दुपारभर खटपट केली. हँडलचा बोल्ट गंजलेला, तेल सोडून वाट बघावी लागली. वर घेतलं, रेघ आत आहे, तिने वाकून दोनदा पाहिली. सीट खरंच पुढून झुकलेली होती. कधीपासून, देव जाणे. मग तुझा तो विचित्र चष्मा घातला. पोरगी हसून हसून खाली बसली. म्हणाली, "आई, तू वेल्डिंग करायला निघालीस."

मी फाटकाबाहेर पडले आणि वळणावर थांबले. दुखलं म्हणून नाही. मला पूर्ण रस्ता दिसत होता. कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब, त्यामागचं दुकान, दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस, तो काय खातोय तेसुद्धा, आणि मान जागच्या जागी. चार महिने मी काय बघत होते रे? स्वतःचं पुढचं चाक.

जादू झालेली नाही. पहिले दोन दिवस वीस मिनिटांऐवजी तासाने दुखलं. काल चौदा घरं केली आणि संध्याकाळी नुसता जडपणा. डावीकडे मान अजून पूर्ण वळत नाही. समिती नेमकं तेच बघणार.

तुझ्यावर मी रागावले आहे का? आहे. फ्रेमसाठी नाही. पाच वर्षं मला वेळेचं कारण सांगितलंस त्यासाठी.

९ तारखेला साडी नाही, गणवेशात जाणार आहे. सायकलसकट.

ताई

१० मार्च

भिंग्या,

झालं ते जसंच्या तसं सांगते.

बैठकीची खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं: मुख्य बाई, आमचे डॉक्टर, आणि वरच्या कचेरीतून आलेला एक अधिकारी, ज्याने मला बसा म्हणायच्या आधी घड्याळ पाहिलं. डॉक्टरांनी मान फिरवायला सांगितली. उजवीकडे दारापर्यंत गेली. डावीकडे भिंतीवरच्या नकाशापर्यंत जायला हवी होती, खिडकीच्या कडेशी थांबली.

अधिकारी लिहिता लिहिता म्हणाला, "म्हणजे मागून येणारी गाडी दिसणार नाही. अपात्र."

मी म्हटलं, "मी खुर्चीवरून घरभेटी करत नाही. खाली चला."

"त्याची गरज नाही."

"तुम्हाला नसेल. चौदा घरांना आहे."

मुख्य बाई उठल्या. का ते मला अजून कळलेलं नाही. त्या उठल्या म्हणून डॉक्टर उठले, आणि एकटा बसून राहणं बरं दिसेना म्हणून अधिकारीही उठला.

आवारात रुग्णवाहिका उभी असते, तिच्याभोवती मी फेऱ्या मारल्या. पट्ट्यावाला चष्मा, बॅग मागे. खिडक्यांमधून अख्खं केंद्र बघत होतं. अधिकारी मागून ओरडला, "आता मी किती बोटं दाखवतोय?"

सायकलवर माणूस नुसत्या मानेने मागे वळत नाही, खांद्यातून, कमरेतून वळतो. हँडल वर आल्यापासून मला ते पुन्हा जमतं. वळले आणि म्हटलं, "तीन. मधल्याला शाई लागलीये."

डॉक्टरांनी मला थांबवून हा दुसरा चष्मा कशाला ते विचारलं, मी तुझं सगळं सांगितलं. म्हणाले, "जुना चष्मा घालून एकदा बसा बघू." मी बसले. ते बाजूला उभे राहून वाकून माझ्या मानेकडे बघत राहिले. मग नवा घालायला सांगितला, पुन्हा बघितलं. तीनच शब्द बोलले, "विचारायला हवं होतं." मोठ्याने बोलले, सगळ्यांसमोर. त्याबद्दल मी त्यांना मानते.

वर जाऊन कागद तयार झाला. तीन महिने फेऱ्या चालू, मग पुन्हा तपासणी, सायकलला आरसा लावणे. इथवर ठीक. खाली शेवटची ओळ होती: सायकलमुळे काही इजा झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी कर्मचाऱ्याची राहील.

मी पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि सही केली.

अधिकारी म्हणाला, "अहो, असं खोडता येत नाही."

"खोडलं की."

"हा नियमाचा मजकूर आहे."

मी म्हटलं, "काम केंद्राचं, पेशंट केंद्राचे, टेकडी मी बांधलेली नाही. मग पडले तर मी एकटीच कशी? जानेवारीत मी पडले आणि तुमच्या भीतीने लपवलं. जिना सांगितला. आता खरं सांगते, हातगाडी होती. लिहून घ्या. यापुढे पडले तर पहिला फोन तुम्हालाच करीन."

भिंग्या, अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, संपलं. आता टेबलच. आणि टेबलावर गेले असते तरी मी ती ओळ परत लिहून दिली नसती.

मग मुख्य बाईंनी कागद स्वतःकडे ओढला. खोडलेल्या ओळीच्या बाजूला आपली छोटी सही केली, तारीख घातली, आणि अधिकाऱ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "दुरुस्ती मान्य."

त्याने सही केली. त्याच शाईच्या बोटांनी.

घरी आल्यावर पोरीला सांगितलं तर ती रडली आणि मग म्हणाली, "आरसा मी बसवते, तू बोल्ट जास्त पिळतेस."

आता तुझं काय?

ताई

२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र तुझ्या भावजयीने दुकानात मोठ्याने वाचलं. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. एकीने विचारलं, "या बाई कुठे भेटतील?"

दुकानाची तऱ्हा बदललीये. आता कुणी आलं की नंबर काढायच्या आधी विचारतो, काम काय करता, आणि कसे बसता ते करून दाखवा. काल एक विणकाम करणारी बाई काउंटरसमोर स्टुलावर वाकून बसली होती, तिच्यामागे एक प्लंबर हवेत पाना फिरवत वर बघत होता. तुझी भावजय म्हणते, सर्कस काढलीये. नाजूक फ्रेमवाल्या कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "आमचा माल काचेच्या कपाटातून का काढला?" मी त्याला दोरीने बांधलेल्या सायकलवर बसवलं आणि पाण्याच्या टाकीकडे बघायला सांगितलं. तो उतरला आणि त्याने नमुन्यांची पेटी बंद केली.

माझं विचारलंस. सायकल घेतली, चष्मा बनवला, सगळं तुला लिहिलं तसं केलं. आणि दुखलं. दहाव्या मिनिटाला. दुसऱ्या दिवशीही. तुझं चष्म्याचं होतं, माझं थोडं चष्म्याचं आणि थोडं खरंच मणक्यांचं निघालं, शिवाय पाच वर्षं बसून मान लेचीपेची झालेली. तुला लिहायची लाज वाटली, म्हणून इतके दिवस पत्र नाही.

पण या वेळी मी डॉक्टरांना प्रश्न विचारले. यादी करून नेली होती. त्यांनी मानेचे व्यायाम दिले, ते करतोय. म्हणाले, "हळूहळू वाढवा. या महिन्यात नदीवरच्या पुलापर्यंत, तिथून मागे फिरा."

तीन आठवडे तसंच केलं. पुलाच्या अलीकडे उतरायचं, कठड्याला हात लावायचा, परत.

आज सकाळी उतरलो नाही. मान दुखत नव्हती, बोटांना मुंग्या नव्हत्या, समोर पूल अख्खा दिसत होता. दुखलं असतं तर उतरलो असतो, अगदी तुझी शपथ. पण दुखेना, त्याला मी काय करू?

आता पलीकडच्या काठावर बसून हे लिहितोय. डॉक्टरांना संध्याकाळी स्वतः जाऊन सांगणार आहे, लपवणार नाही. आधी परत पूल ओलांडायचाय.

भिंग्या